पदवी तिकडची, परीक्षा इकडची

आनंदीबाई जोशी यांच्याबद्दल आपण शाळेत जे शिकलो ते एका ओळीत मावायचं. पहिल्या भारतीय महिला डॉक्टर, अमेरिकेत शिक्षण, अकाली निधन. दोन मार्कांची टीप. माझा इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरनंतर सुटला, पुढे इंजिनिअरिंग झालं आणि आता पंचवीसेक वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो संबंध पुन्हा जुळला तो आपल्या बॅचच्या ग्रुपमुळे.

आपल्यातल्या चार-पाच जणांची मुलं परदेशात डॉक्टरकी शिकताहेत. कुणी जॉर्जियात, कुणी रशियात, कुणी कझाकस्तानात. त्यातल्या एका मैत्रिणीची मुलगी शिक्षण संपवून परत आली आहे आणि भारतात प्रॅक्टिस करण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेची तयारी करते आहे. एकदा ती नापास झाली. त्यावर ग्रुपमध्ये कुणीतरी सहज लिहिलं, "बाहेरून डिग्री आणली की असंच होणार." मैत्रीण काही बोलली नाही. मला मात्र ते वाक्य टोचलं, आणि बाहेरून डिग्री आणणाऱ्यांचा इतिहास काय आहे ते मी वाचायला लागले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा विषय तयारच होता.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करते. तिथे १८५० साली स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारं कॉलेज निघालं. पुढे त्याचं नाव 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' झालं. काढलं क्वेकर पंथाच्या लोकांनी, कारण बाकीची कॉलेजं मुलींना दारात उभं करत नव्हती. १८६९ साली या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्ण पाहून शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या मुलग्यांनी हुर्यो उडवून त्यांना हैराण केलं. म्हणजे घरच्या गावातही या कॉलेजचा मान फार होता असं नाही. त्याच वर्षी तिथून डॉक्टर झालेली क्लारा स्वेन १८७० मध्ये आपल्या बरेलीला आली आणि तिने स्त्रियांसाठी हॉस्पिटल उभं केलं. आपल्याकडून कुणी तिकडे जायच्या आधी तिकडची पदवी आपल्याकडे पोचली होती ती अशी.

आनंदीबाई १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. स्त्रीला स्त्री डॉक्टर मिळत नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे यायला बायका तयार नसतात, हे त्यांनी अंगावर झेललं होतं. मग इथेच का शिकल्या नाहीत? हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण करून त्याचं उत्तर दिलं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून मुलींना प्रवेश होता, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि पुरुष शिक्षकांची वृत्ती कोती आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज "इथे जागा मिळाली नाही म्हणून गेला" असं आपण जे म्हणतो, त्याचं हे एकोणिसाव्या शतकातलं रूप आहे.

या कॉलेजातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबुली. आपल्याकडे हा फोटो आनंदीबाईंपुरता पाहिला जातो. मला उरलेल्या दोघींचं पुढे काय झालं याची उत्सुकता होती.

ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाली. पाश्चात्त्य विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेणारी ती पहिली जपानी स्त्री. टोकियोला परतून ती मोठ्या हॉस्पिटलात लागली. सम्राट मेजी तिथे भेट द्यायला येणार होते, पण स्त्री डॉक्टरची भेट घ्यायला त्यांनी नकार दिला. तिने राजीनामा दिला आणि घरीच दवाखाना काढला. इस्लामबुली १८९० मध्ये पदवी घेऊन दमास्कसला परतली, पुढे ती कैरोत होती. ओकामीच्याच वर्गात सुझन ला फ्लेश नावाची एक मुलगी पहिली आली होती. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीची. तिच्या लोकांतली ती पहिली डॉक्टर, आणि शिक्षण संपवून ती त्यांच्याच वस्तीत परत गेली. एकाच छपराखाली भारत, जपान, सीरिया आणि ओमाहा! आज ज्याला आपण 'इंटरनॅशनल मेडिकल स्कूल' म्हणतो, ते जाहिरात न करता तेव्हा तिथे होतं.

आनंदीबाईंनी थंडीत साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना राहिला होता. त्यांच्याच कॉलेजातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षं रुग्ण तपासले. त्यांचं नाव आपल्या टिपेत नव्हतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते: बाहेरची पदवी आणि घरची मान्यता. हे भांडण सगळ्यात स्वच्छ दिसतं ते इंग्लंडात.

१८५८ मध्ये ब्रिटनने डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला. हेतू चांगला होता, भोंदूंना आळा घालायचा. पण त्यात परदेशी पदवी ग्राह्य धरली नाही. अपवाद एकच: कायदा लागू होण्याआधीपासून जे परदेशी पदवीवर ब्रिटनमध्ये काम करत होते त्यांना सूट. अमेरिकेत शिकलेली एलिझाबेथ ब्लॅकवेल या सवलतीतून १८५९ मध्ये नोंदवहीत गेली. आमच्या धंद्यात नवी सिस्टीम आणताना जुन्या ग्राहकांना जशी सूट ठेवतात तशीच ही. तिच्या मागून ते दार बंद झालं.

मग एलिझाबेथ गॅरेटने दुसरं दार शोधलं. औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेच्या नियमांत परीक्षेला 'पुरुषच हवा' असं लिहायचं राहून गेलं होतं. १८६५ मध्ये तिने तो परवाना मिळवला. संस्थेने लगेच नियम बदलले. सॉफ्टवेअरमधली चूक ज्या तत्परतेने दुरुस्त व्हावी असं आम्हाला नेहमी वाटतं, त्या तत्परतेने!

१८६९ मध्ये एडिंबरात काही मुलींना प्रवेश मिळाला. त्यातली एडिथ पीची रसायनशास्त्रात सर्वांच्या पुढे आली, तर तिची शिष्यवृत्ती खालच्या नंबराच्या मुलग्याला दिली गेली. नोव्हेंबर १८७० मध्ये परीक्षेला जाणाऱ्या मुलींवर जमावाने चिखल फेकला. १८७३ मध्ये कोर्टाने सांगितलं की विद्यापीठाने त्यांना मुळात प्रवेश द्यायलाच नको होता. पीची आणि सोफिया जेक्स-ब्लेक स्वित्झर्लंडमध्ये बर्नला गेल्या आणि १८७७ मध्ये तिथून एम.डी. झाल्या. पण ब्रिटनमध्ये त्या पदवीने नोंदणी होत नव्हती. त्याच वर्षी डब्लिनच्या कॉलेजने स्त्रियांना परीक्षेला बसू दिलं. दोघी तिथे पुन्हा परीक्षेला बसल्या, पास झाल्या, आणि तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये डॉक्टर ठरल्या.

तिकडची पदवी आणि इकडची परीक्षा असे दोन्ही घाट चढलेली ही एडिथ पीची १८८३ च्या अखेरीला मुंबईत आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. इथे तिची गाठ रखमाबाईंशी पडली.

रखमाबाई आपल्याला कोर्टातल्या खटल्यामुळे माहीत असतात. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटलं. पुढच्याच वर्षी पीची आणि इतर पाठीराख्यांच्या मदतीने त्या इंग्लंडला गेल्या आणि जेक्स-ब्लेकने १८७४ मध्ये काढलेल्या लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या. शिकल्या लंडनला, पात्रतेच्या परीक्षा दिल्या स्कॉटलंडमध्ये आणि एम.डी. घेतली ब्रसेल्सची. १८९५ पासून सुरत आणि नंतर राजकोट मिळून जवळपास पस्तीस वर्षं त्यांनी नोकरी केली. नव्वदी गाठून १९५५ मध्ये त्या वारल्या. आनंदीबाईंना जे करता आलं नाही ते रखमाबाईंनी आयुष्यभर केलं, पण पाठ्यपुस्तकात आपण त्यांना कोर्टातच सोडून आलो.

आता आजचं. नीटला २०२४ मध्ये तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात. त्यातल्या खासगी कॉलेजांची फी किती ते आपल्याला ठाऊक आहे. मुलं बाहेर जातात ती या गणितामुळे. बाहेर शिकून आलेल्यांसाठी २००२ पासून आपल्याकडे पात्रता परीक्षा आहे. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे गुण. प्रत्येक खेपेला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त नापास होतात. २०२१ मध्ये नियम आणखी कडक झाले: किमान चोपन्न महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि परत आल्यावर इथे पुन्हा वर्षभर. त्यानंतर तीन महिन्यांत युक्रेनचं युद्ध सुरू झालं. हजारो भारतीय मुलं अर्धवट शिक्षण टाकून परतली, खार्किवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला, आणि 'त्याच संस्थेत' या दोन शब्दांवर कित्येकांची वर्षं अडकली.

ही परीक्षा अन्यायाची आहे असं माझं म्हणणं नाही. उद्या माझ्या आईला तपासणारा डॉक्टर कुठूनही शिकलेला असो, त्याला येतं की नाही हे कुणीतरी पाहिलेलं मला हवंच आहे. १८५८ चा कायदा आणि २००२ ची परीक्षा यात मोठा फरक आहे. त्या कायद्याने बर्नच्या पदवीकडे पाहिलंच नाही; ही परीक्षा निदान "तुला काय येतं" असं विचारते. पण परीक्षा असणं वेगळं आणि परीक्षेला बसणाऱ्याला आधीच कमी लेखणं वेगळं. पीची डब्लिनला दुसऱ्यांदा बसली म्हणून तिची बर्नची पदवी खोटी ठरली नाही, आणि आपल्या मैत्रिणीची मुलगी एकदा नापास झाली म्हणून तिची सहा वर्षं फुकट जात नाहीत.

ज्यांची मुलं अजून जायची आहेत त्यांना एकच विनंती. एजंट कॉलेजच्या इमारतीचे फोटो दाखवतो. त्याला वर लिहिलेल्या चारही अटी एकेक करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि आपल्या बॅचमधल्या डॉक्टरांना दुसरी. आनंदीबाईंच्या अमेरिकेला जाण्याबद्दलचं पत्र एका नियतकालिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि ना ओळख ना पाळख अशा मुलीला आपल्या घराचं दार उघडलं. आनंदीबाईंच्या अस्थी आज न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला त्यांच्याच कुटुंबाच्या स्मशानभूमीत आहेत. रखमाबाईंमागे पीची होती. यातलं कुणीच एकटीच्या जिवावर डॉक्टर झालेलं नाही. आपल्या मैत्रिणीची मुलगी पुढच्या खेपेला पुन्हा बसते आहे. मेडिसिन आणि सर्जरी शिकवू शकतील असे लोक आपल्याच वर्गात बसलेले होते. रविवारचा एक तास फोनवर दिलात तरी पुरे. मैत्रिणीचा नंबर ग्रुपवर आहेच.