बुडालेल्या जहाजाची साक्ष

जहाज बुडाले की दोष वादळाला द्यावा, अशी माणसाची जुनी सवय आहे. वादळ प्रत्युत्तर देत नाही. परंतु समुद्राचा इतिहास थोडा बारकाईने वाचला, तर असे दिसते की वादळ दार ठोठावते. ते दार कच्चे ठेवणारा पुष्कळदा माणूसच असतो.

मालवाहू जहाजाचे दार म्हणजे माल उतरवण्याच्या तोंडांवरील झाकणे. पूर्वी या तोंडांवर लाकडी फळ्या बसवीत, त्यांवर ताडपत्री ताणीत आणि तिच्या कडा पाचरींनी आवळीत. विसाव्या शतकात पोलादी झाकणे आली. त्यांच्या कडेला रबराची पट्टी असते आणि ती पोलादी कडेवर दाबली गेली की पाणी अडते. ती नीट दाबली जाते की नाही, हे पाहण्याच्या तीन रीती आहेत. पोलादी कडेला खडू फासून झाकण लावावे व उघडून रबरावर खडूची रेघ अखंड उमटली का, ते पाहावे. बाहेरून नळाच्या जोरदार धारेचा मारा करावा आणि आत उभे राहून थेंब शोधावा. किंवा आत कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून तो कोणत्या फटीतून निसटतो, हे यंत्राने बाहेरून टिपावे.

एवढे केले म्हणजे जहाज सुरक्षित झाले काय? या प्रश्नाचे उत्तर ‘डर्बीशायर’ने फार मोठी किंमत देऊन दिले आहे.

1976 साली इंग्लंडमध्ये बांधलेले हे जहाज सुमारे 294 मीटर लांबीचे होते. सप्टेंबर 1980 मध्ये कॅनडाहून जपानकडे दीड लाख टनांहून अधिक लोहखनिज नेत असताना ते ‘ऑर्किड’ नावाच्या वादळात सापडले. मदतीची हाकसुद्धा न देता ते नाहीसे झाले. त्यावरील 44 माणसांपैकी एकही वाचला नाही. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चौकशीच्या अहवालाने निसर्गाच्या शक्तीपुढे जहाज हतबल ठरले असावे, असे म्हणून प्रकरण मिटवले.

मृतांचे नातेवाईक मात्र स्वस्थ बसले नाहीत. जहाज चार वर्षांचे, खलाशी अनुभवी. मग ते गेले कसे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने शोधाचा खर्च उचलला आणि 1994 साली सुमारे चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. पुढील पाहणीत त्यांची लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. तरीही 1998 च्या तज्ज्ञ-अहवालाने बोट दाखवले ते खलाशांकडेच: पुढच्या कोठीचे झाकण त्यांनी नीट लावले नव्हते, असे त्यात म्हटले होते. ज्यांना बचावासाठी उभे राहता येत नव्हते, त्यांच्यावरच हा आरोप होता.

2000 साली न्यायमूर्ती कोलमन यांनी नव्याने चौकशी केली आणि हा ठपका पुसून टाकला. त्यांच्या निष्कर्षानुसार लाटांच्या माऱ्याने पुढील भागातील वायुवीजनाची तोंडे व हवेच्या नळ्या मोडल्या. तेथून पाणी शिरत गेले आणि जहाजाचे पुढचे टोक हळूहळू खाली गेले. मग पहिल्या कोठाराच्या झाकणावर लाटांचा जो भार आला, तो त्याला पेलवला नाही. झाकण 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मापात बसणारे होते. ते मापच अपुरे होते.

आम्हांला या इतिहासात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. गळती न होणे आणि भार पेलणे हे दोन वेगळे गुण आहेत. धारेची परीक्षा पहिल्या गुणाची ग्वाही देते, दुसऱ्याची नव्हे. झाकणांच्या बळाचे नियम पुढे कडक झाले आणि 2004 पासून अशा जहाजांच्या कोठारांत पाणी शिरल्याची सूचना देणारी यंत्रे सक्तीची झाली, ती या जाणिवेतूनच.

दुसरी गोष्ट माणसांची आहे. वादळाला दोष देऊन कागद बंद करता येतो. मृतांना दोष देऊन तर तो आणखी सहज बंद होतो. तो पुन्हा उघडायला लावणारी माणसे बहुधा अधिकारपदावर नसतात. येथे ती घरी वाट पाहणारी आईबापे, पत्नी आणि भावंडे होती. त्यांनी वीस वर्षे धीर सोडला नाही, म्हणूनच समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजाची साक्ष ऐकली गेली, आणि त्या साक्षीचा लाभ आज समुद्रावर असलेल्या खलाशांना होत आहे.