दिसू नये म्हणून घातलेला रंग

विषय पाहून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब लढाया सोडून कपड्यांवर कुठे घसरले? लढाई आहेच यात. थोडं थांबा.

लेकीच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हाची गोष्ट. सौ. पानं उलटत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?" मी बोट ठेवून दाखवलं. मांडवाचा पडदा साईच्या रंगाचा, माझा कुर्ता बदामी, चेहरा गव्हाळ, केस पिकलेले. सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "रिटायर होऊन सहा वर्षं झाली. अजून कुणापासून लपताय?"

रात्री कपाट उघडलं. अकरा शर्ट होते. बिस्किटी, राखाडी, मातकट, शेवाळी. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात बाप दिसत नाही, आणि हा पराक्रम बापानेच केलेला. ते मला लागलं. मग सवयीप्रमाणे पुस्तकं काढून बसलो.

लाल डगल्यापासून सुरुवात करू. इंग्रजांची फौज शतकानुशतकं लाल घालून लढली. आज ते वेडेपण वाटतं, पण त्या काळी त्याला अर्थ होता. काळ्या दारूच्या बंदुका दोन फैरी झाडल्या की मैदानात धूरच धूर व्हायचा. त्यात आपला कोण, परका कोण हे कळायला भडक रंग लागायचा. तेव्हा दिसणं हीच सोय होती.

डिसेंबर १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली. तिचं काम वाटाड्यांचं, टेहळणीचं. त्या उघड्याबोडक्या डोंगरांत लाल डगला म्हणजे शत्रूला आयता नेम. सुती पांढरं कापड नदीकाठच्या चिखलात मळून त्याने मातीचा रंग आणला, असं सांगतात. फारसीत खाक म्हणजे धूळ, म्हणून रंग खाकी. १८५७ च्या उठावात उन्हाळ्याच्या दिवसांत कितीतरी गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या साधनाने मळकट रंगवून घेतले. एका पलटणीची छटा दुसरीशी जुळेल तर शपथ! उठाव शमला आणि बहुतेकांचं मन पुन्हा लाल-पांढऱ्याकडे वळलं. रुबाब सुटत नाही हो माणसाचा.

तो सोडवला विज्ञानाने. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू निघाली, रायफली लांब पल्ल्याच्या झाल्या. मैदान स्वच्छ दिसू लागलं आणि लाल डगला जिवावर बेतू लागला. १८९९ ला बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सैन्य खाकीत होतं. पण खाकीचं शहाणपण धुळीपुरतंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या हिरव्या जंगलात तीच खाकी उठून दिसू लागली, म्हणून तिथल्या फौजेने हिरवा धरला. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराचा रंग झाला ऑलिव्ह ग्रीन. २०२२ च्या सेनादिनी जो नवा लढाऊ गणवेश दाखवला, तो निफ्टच्या मदतीने तयार झाला. त्यातही हिरवा आणि मातकट यांचंच मिश्रण आहे.

म्हणजे पावणेदोनशे वर्षं आमच्या रंगाला प्रश्न एकच: मागची जमीन कोणती? तिच्यात मिसळ.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने तपासली होती. मिशेल शेव्हरल, गोबेलिन्सच्या प्रसिद्ध विणकारखान्यात रंगाईचा प्रमुख. तक्रार आली की तुमचा काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही. त्याने दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तोच काळा फिका पडत होता. दोष शेजाराचा! १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात चेहऱ्याशेजारी कोणतं कापड काय करतं याची चर्चा आहे, आणि मला गंमत वाटली ती ही की सैनिकांच्या गणवेशावरही मजकूर आहे. विरोधी रंगांची जोडी असली की कापड जुनं झालं तरी नजरेला ताजं वाटतं, असं त्याचं म्हणणं. हिरव्याशेजारी त्वचेत गुलाबी झाक येते, हेही त्याचंच निरीक्षण.

आता माझ्याकडे बघा. लष्करात मुफ्तीलाही नियम असतात, टाय कधी, ब्लेझर कधी. नियम संपले तेव्हा मी उरलेला एकच नियम घरी घेऊन आलो. गव्हाळ चेहऱ्याला बदामी शर्ट म्हणजे डोंगराला खाकी. शेजाऱ्यात मिसळून जाणार, दुसरं काय?

सौ.च्या माहेश्वरी साड्या काढून आम्ही खिडकीपाशी गळ्याखाली एकेक धरून पाहिल्या. दिवसाउजेडी, ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका. मोरपंखी धरली तर डोळे उठून दिसले. वांगी रंगात पिके केस चांदीसारखे. मोतिया रंगात मी पुन्हा अल्बममधला. साठीच्या माणसाने बायकोची साडी गळ्याशी धरून आरशात बघणं, दार लावून केलं हे कबूल करतो.

मग सीतलामाता बाजार. दुकानदाराने मला पाहताच बिस्किटी शर्ट पुढे टाकला, "साहब, आप पर यही जँचता है." सौ. काही न बोलता वांगी रंगाचा शर्ट उचलून पायरीवर उजेडात गेली. मी मागोमाग.

तो घालून पहिल्यांदा कँटीनच्या रांगेत उभा राहिलो. ओळखीचे दोघे लांबूनच हात करत आले. बरं वाटलं. पण मंडळी, खरं सांगतो, पूर्ण वेळ मानेच्या मागे कसंसंच होत होतं. समोरच्या टेकाडावरून कुणीतरी आपल्याला पाहतंय असं. रांग पुढे सरकली तसा मी हळूच बाजूला झालो आणि पाठ भिंतीला लावून उभा राहिलो.