ऑनलाइन बाजारपेठेतील विक्री-रकमेचे वितरण

विक्री-रकमेचे वितरण म्हणजे ऑनलाइन बाजारपेठेवर ग्राहकाने मोजलेल्या किमतीतून ठरलेली शुल्के, कर आणि परताव्याच्या रकमा वजा करून उरलेली रक्कम विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा करण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात तिला 'पेआउट' किंवा 'सेटलमेंट' असे म्हणतात. या लेखात प्रामुख्याने भारतातील पद्धतीचे विवेचन केले आहे.

दुकानातील विक्रीत माल आणि पैसा एकाच वेळी हात बदलतात. ऑनलाइन बाजारपेठेत मात्र माल आधी जातो आणि पैसा काही दिवसांनी येतो. शिवाय आलेली रक्कम ही विक्रीची एकूण रक्कमही नसते आणि विक्रेत्याची खरी मिळकतही नसते. हा फरक समजून घेणे लहान विक्रेत्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते.

## स्वरूप

मध्यस्थामार्फत विक्री करून वजावटीनंतरची रक्कम स्वीकारण्याची रीत भारतात नवी नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला अडत, हमाली, तोलाई इत्यादी खर्चांची नोंद असलेली हिशेबपट्टी मिळण्याची प्रथा जुनी आहे. ऑनलाइन बाजारपेठेचे 'सेटलमेंट विवरण' हे त्याच हिशेबपट्टीचे आधुनिक रूप म्हणता येईल. फरक असा की, बाजार समितीत शेतकरी लिलावाच्या वेळी हजर राहू शकतो. ऑनलाइन विक्रेत्याला ग्राहक, माल पोहोचवणारा आणि पैसा हाताळणारा यांपैकी कोणीही प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्या हाती केवळ विवरण असते.

## इतिहास

अनोळखी व्यक्तींमधील ऑनलाइन व्यवहारात 'आधी पैसे की आधी माल' हा प्रश्न सुरुवातीपासून होता. अमेरिकेत ईबे या लिलाव संकेतस्थळावरील विक्रेत्यांत पेपाल ही सेवा लोकप्रिय झाली आणि २००२ मध्ये ईबेने ती विकत घेतली. चीनमध्ये अलीबाबा समूहाने ताओबाओ या बाजारपेठेसाठी २००४ मध्ये अलीपे सुरू केले. ग्राहकाची रक्कम मध्यस्थाकडे ठेवायची आणि माल मिळाल्यावर ती विक्रेत्याला द्यायची, हे तिचे तत्त्व होते.

भारतात मुंबईस्थित बाझी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ मध्ये घेतली. पुढे ईबेच्या भारतीय संकेतस्थळावर 'पैसापे' ही सेवा उपलब्ध झाली. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल मिळाल्यावर रोख' ही सोय सुरू केली आणि २०१३ मध्ये इतर विक्रेत्यांसाठी आपली बाजारपेठ खुली केली. त्याच वर्षी जून महिन्यात अ‍ॅमेझॉनची भारतीय बाजारपेठ सुरू झाली. लहान व्यापारी मोठ्या संख्येने या व्यवस्थेत आल्यावर विक्री-रकमेच्या वितरणाचे नियम हा धोरणाचा विषय बनला.

## कायदेशीर चौकट

ग्राहकाची रक्कम मध्यस्थाच्या स्वतःच्या पैशात मिसळू नये, हे या क्षेत्रातील मूलभूत तत्त्व आहे. मध्यस्थ कंपनी बुडाल्यास विक्रेत्यांचे पैसे तिच्यासोबत बुडू नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार मध्यस्थांना अशा रकमांसाठी बँकेत स्वतंत्र 'नोडल खाते' ठेवणे बंधनकारक झाले. १७ मार्च २०२० रोजी 'पेमेंट अ‍ॅग्रीगेटर' म्हणजे रक्कम संकलित करणाऱ्या संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार बँकेतर संस्थांना रिझर्व्ह बँकेची अनुमती घेणे आणि रकमा 'एस्क्रो' खात्यात ठेवणे आवश्यक झाले. अर्ज करताना किमान १५ कोटी आणि पुढे २५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य असण्याची अट घालण्यात आली. ज्या बाजारपेठा स्वतःच रक्कम संकलित करत होत्या, त्यांना हे काम ३० जून २०२१ पर्यंत वेगळे करण्यास सांगण्यात आले.

२०२० च्या सूचनांत विक्रेत्याला रक्कम देण्याच्या मुदती पुढीलप्रमाणे ठरवण्यात आल्या होत्या :

* माल पोहोचवण्याची जबाबदारी संकलक संस्थेची असल्यास, माल रवाना झाल्याची सूचना मिळाल्यानंतर एक दिवस;
* ती जबाबदारी विक्रेत्याची असल्यास, माल पोहोचल्याची खातरजमा झाल्यानंतर एक दिवस;
* परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवण्याचा करार असल्यास, ती मुदत संपल्यानंतर एक दिवस.

तिसऱ्या तरतुदीमुळे विक्रेता आणि बाजारपेठ यांच्यातील करारनाम्याला मोठे महत्त्व आले. रक्कम नेमकी कधी मिळणार, हे जाणण्यासाठी करारातील परताव्याविषयीचे कलम वाचणे अगत्याचे असते.

## रकमेचा प्रवास

विक्रेत्याची नोंदणी करताना पॅन, वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील घेतला जातो. खाते तपासण्यासाठी त्यात एखादा रुपया जमा करून खातेदाराचे नाव पडताळण्याची पद्धत रूढ आहे. नोंदणीतील नाव आणि खात्यावरील नाव जुळत नसल्यास वितरण अडून राहू शकते.

विक्रीनंतर रक्कम साधारणतः पुढील टप्प्यांतून जाते :

# ग्राहक यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग किंवा रोखीने रक्कम देतो.
# ऑनलाइन दिलेली रक्कम एस्क्रो खात्यात जमा होते.
# माल पोहोचतो आणि करारात ठरलेला प्रतीक्षाकाळ सुरू होतो.
# प्रतीक्षाकाळ संपलेल्या ऑर्डरी एकत्र करून वजावटी केल्या जातात.
# उरलेली रक्कम बँक हस्तांतरणाने विक्रेत्याच्या खात्यात जमा होते.

अनेक ऑर्डरींची रक्कम एकाच हस्तांतरणाने येते. या हस्तांतरणाला एक अनन्य क्रमांक असतो व तो व्यवहारात 'यूटीआर' म्हणून ओळखला जातो. बँकेच्या पासबुकातील नोंद आणि बाजारपेठेचे विवरण यांना जोडणारा दुवा म्हणजे हा क्रमांक होय. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी सेवा चोवीस तास सुरू झाल्यामुळे बँकेच्या सुट्ट्यांमुळे होणारा विलंब कमी झाला.

'माल मिळाल्यावर रोख' या प्रकारात रक्कम आधी माल पोहोचवणाऱ्या व्यक्तीच्या हाती पडते. नंतर ती वाहतूक कंपनीच्या केंद्रात व तेथून बँकेत जाते. म्हणून अशा ऑर्डरींत एक टप्पा वाढतो. ग्राहकाने माल घेण्यास नकार दिला तर विक्रीच होत नाही. मात्र वेष्टनाचा खर्च आणि माल अडकून पडलेला काळ यांची भरपाई सहसा होत नाही.

## वजावटी

### बाजारपेठेची शुल्के

यांत विक्रीवरील कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागील ठरावीक शुल्क, वाहतूक खर्च, रक्कम-संकलनाचे शुल्क, गोदामाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च यांचा समावेश होतो. कमिशनचे दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात. या सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. नियमित करदाता असलेल्या विक्रेत्याला त्याची वजावट आपल्या करदेयतेतून घेता येते.

### उगमस्थानी गोळा होणारा वस्तू व सेवा कर

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ५२ नुसार बाजारपेठेला विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ठरावीक दराने कर गोळा करावा लागतो. ही तरतूद १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का दराने लागू झाली; १० जुलै २०२४ पासून हा दर ०.५ टक्के करण्यात आला. गोळा केलेली रक्कम विक्रेत्याच्या इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत जमा होते व ती कर भरण्यासाठी वापरता येते.

### उगमस्थानी आयकर कपात

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम १९४-ओ ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. सुरुवातीचा १ टक्का दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्क्यावर आणण्यात आला. वर्षभरातील विक्री ५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबांना, पॅन किंवा आधार क्रमांक दिला असल्यास, या कपातीतून सूट देण्यात आली. पॅन किंवा आधार न दिल्यास ५ टक्के दराने कपातीची तरतूद होती. कापलेला कर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

वरील दोन्ही कर हा विक्रेत्याचा अंतिम खर्च नसून आगाऊ जमा झालेली रक्कम असते. तिची नोंद न ठेवणारा विक्रेता आपल्याच पैशावरील हक्क गमावून बसण्याची शक्यता असते.

## उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. वस्तूची मूळ किंमत १,००० रुपये असून तिच्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, असे मानले आहे.

| बाब | रुपये |
|---|---|
| ग्राहकाने दिलेली रक्कम | १,०५०.०० |
| कमिशन, वाहतूक व इतर शुल्के | − १९०.०० |
| शुल्कांवरील १८ टक्के कर | − ३४.२० |
| गोळा केलेला वस्तू व सेवा कर (०.५ टक्के) | − ५.०० |
| आयकर कपात (०.१ टक्के) | − १.०० |
| खात्यात जमा होणारी रक्कम | ८१९.८० |

जमा झालेले ८१९.८० रुपये पूर्णपणे विक्रेत्याचे नसतात. ग्राहकाकडून आलेले ५० रुपये हा सरकारचा कर आहे. त्यातून शुल्कांवरील ३४.२० रुपयांची वजावट आणि रोख खातेवहीतील ५ रुपये वापरल्यावर १०.८० रुपये भरावे लागतात. आयकराचा १ रुपया मात्र नंतर वळता होतो. अशा प्रकारे विक्रेत्याचे खरे उत्पन्न ८१० रुपये, म्हणजेच मूळ किंमत वजा शुल्के एवढे ठरते. वस्तूची खरेदी, मजुरी आणि वेष्टन यांचा खर्च त्यातूनच भागवावा लागतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट या उदाहरणात धरलेली नाही.

## परत आलेला माल

ग्राहकाने माल परत केल्यास आधी जमा झालेली रक्कम पुढील वितरणातून वळती केली जाते. परतावे विक्रीपेक्षा जास्त झाल्यास विक्रेत्याच्या खात्यावर उणे शिल्लक दिसते आणि पुढील विक्रीतून ती भरून निघेपर्यंत काहीही रक्कम मिळत नाही. करारानुसार परतीच्या वाहतुकीचा खर्चही विक्रेत्यावर पडू शकतो.

परत आलेली वस्तू खराब, वापरलेली किंवा वेगळीच निघाल्यास भरपाईचा दावा करता येतो. असे दावे ठरावीक मुदतीतच स्वीकारले जातात. म्हणून पाठवताना आणि परतीचा खोका उघडताना चित्रीकरण करण्याची पद्धत विक्रेत्यांमध्ये रूढ झाली आहे.

## हिशेबाची जुळवणी

जुळवणी म्हणजे ऑर्डरींची यादी, परत आलेल्या मालाची यादी, बाजारपेठेचे विवरण आणि बँकेतील जमा या चार नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे. तीत साधारणतः पुढील तफावती आढळतात :

* माल पोहोचूनही रक्कम न मिळालेल्या ऑर्डरी;
* प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक वजन धरून आकारलेला वाहतूक खर्च;
* चुकीच्या वस्तुप्रकारानुसार लावलेले कमिशन;
* परत आल्याची नोंद झालेला, परंतु विक्रेत्याकडे न पोहोचलेला माल.

विक्रीचा आकडा म्हणून बँकेत जमा झालेली रक्कमच हिशेबात धरणे, ही नवख्या विक्रेत्यांमध्ये आढळणारी चूक होय. कराच्या दृष्टीने विक्री ही बीजकातील संपूर्ण रक्कम असते आणि शुल्के हा स्वतंत्र खर्च असतो. बाजारपेठ विक्रेत्याच्या विक्रीचा तपशील 'जीएसटीआर-८' या विवरणपत्राद्वारे कर विभागाला कळवत असल्याने, विक्री कमी दाखवल्यास तफावत उघड होते.

## खेळत्या भांडवलावरील परिणाम

कच्चा माल, कारागिरांची मजुरी आणि वेष्टन यांचा खर्च विक्रीपूर्वी होतो. रक्कम मात्र प्रतीक्षाकाळानंतर येते. दररोज २० ऑर्डरी पाठवणाऱ्या आणि १५ दिवसांनी रक्कम मिळणाऱ्या विक्रेत्याचे कोणत्याही क्षणी ३०० ऑर्डरींचे पैसे अडकलेले असतात. विक्री दुप्पट झाल्यास अडकलेली रक्कमही दुप्पट होते. म्हणूनच सणासुदीच्या हंगामात मागणी वाढलेली असतानाच एखाद्या विक्रेत्याकडे नवा माल भरण्यास पैसे नसतात.

करभरणा ही अडचण वाढवतो. वस्तू व सेवा कराची देयता रक्कम हाती येण्यावर नव्हे, तर बीजक देण्यावर अवलंबून असते. त्यामुळे महिनाअखेरीस केलेल्या विक्रीचा कर पैसे मिळण्यापूर्वी देय होऊ शकतो. ही तूट भरून काढण्यासाठी काही बँका व वित्तसंस्था विक्रीच्या नोंदींच्या आधारे अल्पमुदतीचे कर्ज देतात. परंतु त्यावरील व्याज नफ्यातूनच जाते.

## रक्कम रोखणे आणि तक्रारी

बनावट मालाचा संशय, कागदपत्रांतील त्रुटी, ग्राहकांच्या वाढत्या तक्रारी किंवा बँक खात्यात अचानक केलेला बदल या कारणांमुळे बाजारपेठ रक्कम रोखून धरू शकते. अशी तरतूद सामान्यतः करारातच असते. ग्राहकाच्या संरक्षणासाठी ती आवश्यक असली, तरी एकाच बाजारपेठेवर अवलंबून असलेल्या विक्रेत्याचा व्यवसाय त्यामुळे ठप्प होऊ शकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-वाणिज्यविषयक अभ्यासात बाजारपेठा आणि विक्रेते यांच्यातील असमान सौदाशक्तीची नोंद घेतली असून करारातील बदलांची पूर्वसूचना देण्याची शिफारस केली आहे.

युरोपीय संघाने याविषयी स्वतंत्र कायदा केला आहे. १२ जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार अटी बदलण्यापूर्वी सर्वसाधारणपणे किमान १५ दिवसांची सूचना देणे आणि सेवा स्थगित केल्यास कारणे कळवणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे.

विक्रेत्यांची फसवणूक करण्यासाठी बाजारपेठेचे प्रतिनिधी असल्याचे भासवून 'ओटीपी' मागितला जातो व वितरणाचे बँक खाते बदलले जाते. बँक खात्याचा तपशील केवळ विक्रेत्याच्या अधिकृत पटलावरूनच बदलणे हा यावरील मुख्य उपाय होय.

## हेही पहा

* ई-वाणिज्य
* वस्तू व सेवा कर (भारत)
* युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस
* भारतीय रिझर्व्ह बँक
* कृषी उत्पन्न बाजार समिती