डावीकडची मोकळी जागा

मराठी शाळेत निबंध लिहायला शिकवताना बाई दोन गोष्टी पहिल्यांदा सांगायच्या: समास सोडा, आणि परिच्छेदाची पहिली ओळ दोन बोटं आत घ्या. इथे जर्मनीत आपल्या मुलांना शाळेत तेच 'आइनऱ्युकन' या नावाने शिकवतात. पहिली ओळ आत घेतली नाही तर फार तर एखादा मार्क जातो, निबंधाचा अर्थ काही बदलत नाही. पण आम्हा संगणकवाल्यांच्या जगात एक प्रकारची फाइल अशी आहे, की तिच्यात ही डावीकडची मोकळी जागा चुकली तर सगळं काम ठप्प होतं. शिवाय ती चूक डोळ्यांना दिसत नाही! या मोकळ्या जागेला इतिहास आहे, आणि त्यातलं एक मोठं प्रकरण आपण राहतो त्या जर्मनीत घडलेलं आहे. मंडळी, विषय वाटतो तेवढा रुक्ष नाही, थोडा धीर धरा.

आधी 'बिल्ड स्क्रिप्ट' म्हणजे काय ते सांगतो. समजा घरी पुरणपोळीचा बेत आहे. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही, पुरण आणि कणीक दोन्ही तयार झाल्याशिवाय पोळी लाटता येत नाही. ऐनवेळी कळलं की पुरणात गूळ कमी पडला, तर पुरण पुन्हा आटवावं लागेल आणि पोळ्या त्यानंतर. पण कटाची आमटी किंवा भात पुन्हा करायची गरज नाही. घरातल्या आजीला हे कुणी लिहून द्यावं लागत नाही, संगणकाला द्यावं लागतं. शेकडो फाइलींतून एक प्रोग्रॅम तयार होतो. त्यातली कुठली फाइल कशावर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने बनते याची लेखी यादी म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट. गंमत म्हणजे यातल्या आज्ञांना इंग्रजीतही 'रेसिपी' असंच म्हणतात.

अशा याद्या वाचून काम करणारा 'मेक' हा प्रोग्रॅम १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. निमित्त असं झालं, की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चिडून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती. त्यामुळे बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सगळी सकाळ गेली. फेल्डमनसाहेबांची आदली संध्याकाळ अशाच भानगडीत गेलेली. त्यातून 'मेक' जन्माला आला.

आता यादीतली कुठली ओळ म्हणजे पदार्थाचं नाव आणि कुठली म्हणजे कृती, हे प्रोग्रॅमला कळायला हवं. फेल्डमननी सोपा मार्ग काढला: ओळ टॅबने सुरू झाली तर ती कृती. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, की 'लेक्स' नावाचं नवं साधन वापरून बघताना ते गुंत्यात अडकले, म्हणून ही साधी युक्ती केली, ती चालली आणि तशीच राहिली. काही आठवड्यांतच डझनभर लोक 'मेक' वापरायला लागले, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. डझनभर मित्रांची गैरसोय टाळली, आणि पुढच्या पिढ्यांनी ती भोगली! तरी 'मेक'ची थोरवी कमी होत नाही. २००३ साली फेल्डमन यांना त्यासाठी एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

अडचण एवढीच, की पडद्यावर टॅब आणि आठ स्पेस अगदी सारखे दिसतात. टाइपरायटरवर टॅबचा खटका हा तक्ते सरळ रेषेत यावेत म्हणून होता. कागदावर उमटली मोकळी जागा, की विषय संपला. संगणकात मात्र ते एक वेगळं अक्षर असतं, फक्त न दिसणारं. मेकफाइलमधली ओळ टॅबऐवजी स्पेसने सुरू झाली, की 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' एवढं म्हणून 'मेक' हात वर करतो. एका प्रकल्पावर मी बघितलं आहे, की मेलमधून चिकटवून आलेल्या मेकफाइलमधले सगळे टॅब वाटेत स्पेस होऊन आले होते. दोन अनुभवी माणसं अर्धा दिवस पडद्याकडे बघत बसली, कारण बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. पुढे ग्नू मेकने निदान 'आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचं होतं का?' असं विचारायला सुरुवात केली. टॅबऐवजी दुसरं अक्षर निवडायची सोय त्यात २०१० साली आली, म्हणजे तब्बल ३४ वर्षांनी. ती वापरणारा अजून मला भेटलेला नाही.

इथे एडिटर मदतीला यायला हवा होता. ओळी आपोआप आत घेण्याची कल्पना जुनीच. सत्तरच्या दशकात बर्कलीच्या बिल जॉय यांनी लिहिलेल्या 'व्हीआय' एडिटरमध्ये 'ऑटोइंडेंट' होतं. ते बिचारं फार हुशार नव्हतं: वरची ओळ जितकी आत, तितकीच खालची. खरी प्रगती 'व्हिम'ने केली. ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला. व्हिम उघडला की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी विनंती दिसते, ती त्यांचीच. २०२३ मध्ये ते वारले. २००१ च्या ६.० आवृत्तीपासून व्हिममध्ये प्रत्येक भाषेसाठी इंडेंटेशनचे वेगळे नियम लिहिता येऊ लागले. मेकफाइल उघडली की 'इथे टॅबचे स्पेस करायचे नाहीत' हे व्हिम स्वतःच ठरवतो. ईमॅक्स तर आणखी सावध: संशयास्पद ओळ सापडली, तर फाइल जतन करण्याआधी 'तरीही करू का?' म्हणून विचारतो.

पण मेकफाइलपुढे सगळ्या एडिटरांचे हात बांधलेले असतात. साध्या प्रोग्रॅममध्ये 'जर... तर' आलं, की आतल्या ओळी आत घ्यायच्या, वाचणाऱ्याला बरं. मेकफाइलमध्ये अशी 'जर'ची ओळ एडिटरने हौसेने टॅब देऊन आत घेतली, तर कृतीच्या मधोमध असलेली ती ओळ 'मेक'ला कृतीच वाटू शकते. जिथे मोकळी जागा हाच अर्थ आहे, तिथे ती आपोआप सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात परस्पर शब्द घालण्यासारखं आहे.

आता जर्मनीकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्युबिंगेन विद्यापीठातल्या मात्थियास एट्रिख या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी सोपा, देखणा डेस्कटॉप बनवायला सोबती हवेत, असं जाहीर आवाहन केलं. त्यातून 'केडीई' उभं राहिलं. पुढच्याच वर्षी त्याची रीतसर संस्था झाली, इथल्या आपल्या मंडळांसारखीच 'ए. फाउ.', म्हणजे नोंदणीकृत फेराइन. २००९ मध्ये एट्रिख यांना जर्मन सरकारने 'बुंडेसफेर्डीन्स्टक्रॉइत्स' देऊन गौरवलं. बरंचसं काम जगभरातले स्वयंसेवक करायचे आणि करतात. मंडळाचा गणपती बसवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रकल्प वाढला तशी त्याची बिल्ड स्क्रिप्ट मात्र भुतासारखी झाली. केडीई ३ पर्यंत 'ऑटोटूल्स' नावाचं साधन होतं. त्यात एम-४ भाषेच्या पोटात शेल, शेजारी मेकचे नियम, आणि वर केडीईची खास पर्ल स्क्रिप्ट. एका फाइलीत दोन-तीन भाषा नांदत असल्यावर एडिटर इंडेंटेशन कुठल्या भाषेचं करणार? परिणाम असा, की बिल्ड बिघडलं तर ते दुरुस्त करू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. नवा स्वयंसेवक उत्साहाने यायचा आणि पहिल्याच दारात अडखळायचा. मला वाटतं, खरं नुकसान हे होतं.

उपाय शोधणं सुरू झालं. श्टेफान कुलो यांनी पायथनमध्ये 'उन्झरमेक' लिहिलं. 'उन्झर' म्हणजे आपलं, तेव्हा मराठीत 'आपला मेक'! २००५ मध्ये मालागाच्या संमेलनात 'एस्कॉन्स' वापरायचं ठरलं. त्याच्या स्क्रिप्ट थेट पायथनमध्ये, म्हणजे मोकळी जागा हाच पुन्हा कायदा. पण ते केडीईला पेललं नाही, ते इंडेंटेशनमुळे नव्हे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला लागणाऱ्या गोष्टी त्यातून वेळेत उभ्या राहिनात. मग २००६ च्या सुरुवातीला अलेक्झांडर नॉयनडॉर्फ यांच्या पुढाकाराने केडीई 'सीमेक'कडे वळलं. हे साधन अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीचं, मूळ वैद्यकीय प्रतिमांच्या एका प्रकल्पासाठी केलेलं. किटवेअरच्या लोकांनीही मनापासून मदत केली. जानेवारी २००८ मध्ये आलेलं केडीई ४ सीमेकवर बांधलेलं होतं.

सीमेकची दोन वैशिष्ट्यं इथे महत्त्वाची. एक, त्यात प्रत्येक आज्ञा कंसात असते आणि 'इफ' संपलं की 'एंडइफ' लिहावंच लागतं. मोकळ्या जागेला अर्थ शून्य: सगळं डाव्या कडेला चिकटवून लिहा, चालतं. दुसरं, युनिक्सवर सीमेक मेकफाइल स्वतः लिहून देतो, टॅबसकट. टॅब नाहीसा झालाच नाही, फक्त माणसाने तो सांभाळायचं कारण उरलं नाही. विंडोजवर तोच सीमेक व्हिज्युअल स्टुडिओच्या फाइली बनवतो, आणि केडीईला तेव्हा विंडोज व मॅकवरही जायचं होतंच.

इंडेंटेशन अशा रीतीने यंत्राच्या तावडीतून सुटून वाचणाऱ्याच्या सोयीचं झालं, आणि एडिटरला मोकळं रान मिळालं. व्हिममधली सीमेकची इंडेंटेशन फाइल मुळात किटवेअरच्याच अँडी चेडिल्निक यांनी लिहिलेली आहे. ती छोटी आहे, जरूर वाचून बघा. वरची रिकामी नसलेली ओळ घ्यायची. ती 'इफ', 'फॉरईच', 'मॅक्रो' अशा शब्दाने सुरू होत असेल किंवा तिच्यात कंस उघडा राहिला असेल, तर एक पायरी आत. आपण 'एंडइफ' टाइप करून कंस उघडला, की ती ओळ डोळ्यांदेखत एक पायरी डावीकडे सरकते. केडीईचा स्वतःचा एडिटर 'केट' क्रिस्टोफ कुलमान यांनी २००० च्या अखेरीस सुरू केला. केडीई ४ पासून त्यातले असे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतात. म्हणजे वापरणाऱ्यालाच आपल्या आवडीचा समास आखता येतो.

आपल्यातल्या सॅपवाल्या मंडळींना हे 'प्रिटी प्रिंटर'मुळे ओळखीचं असेल. आबाप ही अस्सल जर्मन भाषा, तिच्या ओळी कशाही लिहा, शिफ्ट-एफ-वन दाबलं की सगळ्या शिस्तीत उभ्या. हे आबापला जमतं, कारण तिथेही वाक्य कुठे संपलं हे पूर्णविराम सांगतो, समास नाही.

असो. गोष्ट इथे संपली असती, पण २००१ मध्ये 'यामल' नावाचं प्रकरण जन्माला आलं. त्यात पुन्हा मोकळी जागा म्हणजेच अर्थ, आणि या वेळी टॅब सक्त मना! बिल्ड कधी आणि कुठे चालवायचं, हे हल्ली बहुतेक ठिकाणी यामलमध्ये लिहितात. केडीई २०२० मध्ये गिटलॅबवर गेलं, तेव्हापासून तिथल्या प्रकल्पांतही एकाच कपाटात सीमेकची फाइल आणि यामलची फाइल शेजारी शेजारी असते. त्यामुळे माझ्या एडिटरच्या सेटिंगमध्ये आता तीन ओळी आहेत: मेकफाइलला टॅबच द्यायचा, यामलला चुकूनही द्यायचा नाही, आणि सीमेकला दोन स्पेस. यातली तिसरी ओळ तेवढी माझ्या आवडीने लिहिलेली आहे.