जालन्याच्या वाटेवरील दुर्मीळ मद्ये

मद्य दुर्मीळ होते ते वाटेतल्या घाटांमुळे, जकातनाक्यांमुळे आणि सरकारी हुकमांमुळे. त्याच्या चवीचा या दुर्मीळतेत वाटा थोडाच असतो, याची साक्ष जालना जिल्ह्याचा इतिहास निदान तीन वेळा देतो.

पहिली साक्ष भोकरदनची. सांची व भारहूतच्या दानलेखांत भोगवर्धन या नावाने आढळणारे हे केळणाकाठचे नगर सातवाहनकाळी नांदत्या व्यापाराचे ठाणे होते, आणि तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय प्रतिमेशी इतकी मिळतीजुळती आहे, की या दोन दूरस्थ नगरांत काही ना काही दळणवळण असावे असे वाटते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याची गणना असून त्यातही इटलीच्या मद्यास अधिक पसंती असल्याचे नमूद आहे; तेथपासून या प्रदेशाजवळचे पैठण वीस दिवसांच्या वाटेवर होते. एवढा पल्ला बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून ओलांडून जो बुधला या प्रदेशी पोहोचत असेल, तो श्रीमंतांच्याच पंक्तीला जात असणार, हे उघड आहे.

देशी मद्याची कथा मात्र निराळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी ‘मेदक’ या तांदळाच्या मद्याची कृती पाणी, धान्य व किण्व म्हणजे आंबवण यांच्या मापांसह दिली असून, गृहस्थांना मंगलप्रसंगी श्वेतसुरा घरी करण्याची मुभाही सांगितली आहे. अशी घरगुती मद्ये सर्वत्र होत असल्यामुळेच ती कोणास नवलाची वाटली नाहीत, आणि विक्रीच्या मद्यावर जसा राजपुरुषांचा डोळा राहिला तसा यांच्या नोंदीवर कोणाचाच राहिला नाही.

दुसरी साक्ष छावणीची. सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रज फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला व त्याच महिन्याच्या 23 तारखेस इंग्रज व मराठे यांच्यात असईची प्रसिद्ध लढाई झाली. पुढे जालन्यास इंग्रजी छावणी वसली आणि तिच्याबरोबर सदर बाजारही आला, ज्याचे नाव शहरात अद्याप चालू आहे. लंडनच्या हॉजसन मद्यशाळेची आणि 1820 नंतर इंग्लंडातल्याच बर्टन गावची फिकट बीअर पिंपांतून कित्येक महिन्यांचा सागरप्रवास करून हिंदुस्थानात येत असे. मुंबईहून जालन्यापर्यंतचा खडतर मार्ग तिला पुन्हा बैलगाडीनेच कापावा लागे. निजामाची मीटरगेज रेल्वे जालन्यास आली ती 1900 च्या सुमारास, आणि 1903 साली हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपून छावणीचे महत्त्वही ओसरले; म्हणजे बीअर आणणे सुलभ झाले, तेव्हा तिचे गिऱ्हाईकच उठून गेले.

तिसरी साक्ष आबकारीची. निजामाच्या दौलतीत आबकारी हे उत्पन्नाचे ठळक कलम असल्याने शिंदी, ताडी व मोहाची दारू यांचे गुत्ते लिलावाने दिले जात आणि परवान्यावाचून पेटलेली भट्टी गुन्हा ठरे. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यावर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचाही अंमल यथावकाश येथे सुरू झाला, आणि जे एके काळी घरोघर आंबवले जाई ते आडरानात दडून निकृष्ट होत गेले.

पुढे 2009 साली पुण्यात ‘डूलाली’पासून लघु मद्यशाळांचे युग सुरू झाले असून, ताजेपणी प्यावयाची ही बीअर लांब पाठविण्यास सोयीची नसल्याने जालन्याच्या रसिकालाच प्रवास घडतो. भडोच आणि बर्टन यांचा माग ग्रंथांवरून व दप्तरांवरून लागतो. परंतु याच जिल्ह्यातील लुप्त धान्यमद्यांचा शोध ज्याला घ्यावयाचा असेल त्याला आबकारीची कागदपत्रे फारशी साहाय्य करणार नाहीत, कारण त्यांत गुत्त्याची रक्कम आहे आणि कृती नाही. ती खेड्यांतील वृद्धांच्या स्मरणातूनच, शक्य तितक्या लवकर, टिपून घेणे भाग आहे.