वेदीची भाषा, ओटीची भाषा

आमच्या चर्चच्या ऑफिसात एक लांबरुंद वही असते. कोणाच्या नावानं मिस्सा द्यायची, कुठल्या तारखेला, किती वाजता, हे सगळं तिच्यात लिहितात. आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं, म्हणून मी नाव द्यायला गेले. वहीमागच्या अंकलनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सकाळची मराठी, का साडेनऊची इंग्लिश?"

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं.

"मग पेन्सिलीनं लिहून ठेवतो," ते म्हणाले. अशी पेन्सिलीनं लिहिलेली नावं त्या पानावर बरीच होती.

घरच्या ग्रुपवर टाकलं. चुलतभावाचा लगेच मेसेज आला : ताई, इंग्लिशच ठेव, पोरांना मराठीतलं काही झेपत नाही. मग आत्याचा दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. त्याचा सारांश असा, की जिच्यासाठी मिस्सा आहे तिला इंग्लिशमधलं काय कळणार होतं? त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. फक्त एका काकांनी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं.

मला तेव्हा वाटलं, हा आमच्या घरातला वाद आहे. नंतर थोडं वाचत गेले तेव्हा कळलं की वसईत हा प्रश्न चारशे वर्षं चालू आहे.

वसईबाहेरच्या वाचकांना आधी एक सांगावं लागतं, कारण ऑफिसात मला अजूनही विचारतात, "तू कॅथलिक, मग मराठी इतकं चांगलं कसं?" विरार लोकलनं येऊन पश्चिमेला बागायतीच्या गावांत शिरलं, की केळीची बाग, विहीर, वळणावर पांढरा क्रूस आणि ओटीवर लाल लुगड्यातली एखादी म्हातारी असं चित्र अजूनही दिसतं. ती म्हातारी कॅथलिक असते आणि तिला इंग्लिशचा एक शब्दही येत नसतो. इथले सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरी आपापल्या बोलीत बोलतात आणि शाळेत मराठी शिकत आले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहानं वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं इथे त्यांचं राज्य होतं, आणि त्याच काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. ते सगळं प्रेमानं, पटवून झालं असं मानण्याइतकी मी भोळी नाही. देवळं पाडली गेली, सत्तेचा धाक होता. पण मागे जे उरलं ते मात्र लोकांनी स्वतःचं करून टाकलं.

याचं उदाहरण म्हणजे आमच्या समाजाचं नाव. सामवेदी ख्रिस्त्यांना कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं मानलं जातं. बाळाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राहतो, त्याचं आणि बाळाच्या बापाचं एकमेकांशी जे नातं जुळतं त्याला कोंपाद्रे म्हणतात. म्हणजे चर्चमधल्या एका विधीतून जुळलेलं नातं अख्ख्या समाजाचं नाव होऊन बसलं.

धर्मग्राम, म्हणजे ज्याला इंग्लिशमध्ये पॅरिश म्हणतात, तो पूर्वी गावाचं घड्याळही होता आणि नोंदणी कार्यालयही. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी घंटा व्हायची. बागेतला माणूस फावडं टेकवून उभा राहायचा, प्रार्थना म्हणायचा, मग पुन्हा पाणी धरायचा. बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळ्याची नोंद चर्चच्या वहीत. या सगळ्या व्यवहाराची वेदीवरची भाषा होती लॅटिन. ती इथे कोणाचीच नव्हती. खरं तर पोर्तुगिजांचीही नव्हती.

पण फक्त लॅटिननं लोक धरून ठेवता येत नाहीत, हे मिशनऱ्यांना लवकर कळलं. १५७९ मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट त्यातला सगळ्यात मोठा. त्यानं बायबलची कथा मराठी ओव्यांत लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी, पुराणाचा घाट आणि कथा येशूची. चर्चमध्ये मिस्सेनंतर त्यातला भाग वाचून दाखवत. नागरी अक्षरांचे खिळे पाडायची सोय नव्हती म्हणून ते रोमन लिपीत छापलं गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे ती लागणार आहे. नंतर याच शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या धर्मगुरूनं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण उत्तर कोकणातल्या मराठीत रचलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हापुन्हा छापलं जात होतं. म्हणजे कोणीतरी ते विकत घेत होतं, म्हणत होतं.

असं असताना १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. गोव्यातसुद्धा ते पुरतं अमलात आलं नाही. पण स्टीफन्सनंतर सत्तरेक वर्षांत त्याच सत्तेला त्याच लोकांची भाषा अडचण वाटायला लागली, हे मला फार बोलकं वाटतं.

मग आला १७३९ चा मे महिना. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. शाळेत हा धडा शिकताना वर्गातली अर्धी मुलं फर्नांडिस, डाबरे, लोपीस असायची आणि आम्ही सगळे टाळ्या मराठ्यांसाठी वाजवायचो. त्यात काही विसंगती आहे असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर आजही येत नाही. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्ध आहे. वाईजवळ मेणवलीला, जिथं 'स्वदेस'चं शूटिंग झालं त्या घाटावर, एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल. मी दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर तिथं गेले होते. एकीनं विचारलं, "तुला राग नाही येत?" मी म्हटलं, "नाही. वाजते ना अजून." मग आम्ही कणीस खाल्लं.

युरोपीय धर्मगुरू गेले. पुढचा कारभार मुख्यतः गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळला. किल्ल्यातली मोठमोठी चर्चं ओस पडली, त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले. गावातले धर्मग्राम मात्र टिकले. राज्य गेलं तरी लोक धर्म सोडून गेले नाहीत याचं कारण मला इतिहासाच्या पुस्तकात नीट कधी सापडलं नाही. ते आजीकडे बघून थोडंफार कळलं.

आजी १९३८ ची. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. उत्तरं द्यायची ती वेदीसेवक पोरांनी आणि गायकांनी. प्रवचन तेवढं मराठीत. १९५७ पर्यंत तर ख्रिस्तशरीर घ्यायचं असेल तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, त्यामुळे पहाटेच्या मिस्सेला बायका भोवळ येऊन पडायच्या. मी तिला विचारलं होतं, "मग तुम्ही तासभर करायचात काय?" ती म्हणाली, "जपमाळ." वेदीवर काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या सगळ्या बायका आपापल्या जपमाळेचे मणी ओढत बसायच्या. घंटी वाजली की मान वर करायची, पुन्हा खाली घालायची. जगभरच्या कॅथलिक खेड्यांत तेव्हा हेच चालायचं.

तीच जपमाळ संध्याकाळी घरी. ओटीवर चटई टाकायची, सगळी भावंडं गुडघ्यावर, पेंगणाऱ्याला एक टपली. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापुढे अख्खी आळी जमायची, आणि शेवटी उकडलेले चणे. फादर त्यात कुठंच नसायचे. वेदी लॅटिन राहिली, तिच्यामागचं राज्य पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे, मग इंग्रजांकडे गेलं, पण ओटी चालू राहिली. धर्मग्राम टिकला तो तिथं, असं मला वाटतं.

४ डिसेंबर १९६३ ला रोममध्ये मतदान झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेच्या सुधारणेचा ठराव २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडलं. बरोबर एका वर्षानं, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद होती, ओव्हल मैदानावर. पोपनी भारतात पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ. इतर धर्मांच्या लोकांपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. आजी लोकलनं गेली होती. तिच्या आठवणी दोनच : गर्दीत एक चप्पल हरवली, आणि पोप लांबून तांदळाच्या दाण्याएवढे दिसले.

मग लॅटिन हळूहळू गेली आणि मराठी आली. मला वाटायचं, लोक आनंदानं नाचले असतील. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मला लाज वाटली." फादर अचानक वळून आमच्याकडे बघायला लागले, वेदी पुढे ओढली, आणि देवाशी बोलायची भाषा ती भाजीच्या टोपलीवर दादरला बोलतो तीच! पुढचं तिचं वाक्य तर मला फारच आवडतं : "आणि ती तरी आमची कुठे होती?" कारण आजी घरी सामवेदी बोलायची. चर्चमध्ये आली ती पुस्तकातली मराठी, 'सार्वकालिक' आणि 'नीतिमान'वाली. तीही तिला शिकावीच लागली.

शिकली मात्र. १९५५ पासून निघणारं 'सुवार्ता' मासिक घरी यायचं, ते ती बोट ठेवून वाचायची. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी १९८३ पासून चोवीस वर्षं ते संपादित केलं. पुढे त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला, तेव्हा आजीनं टीव्हीकडे बघून जे काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांची पीएच.डी. तुकारामावरची. माझ्या आईबाबांच्या पिढीला हे सगळं सहज वाटतं. एका पिढीत मराठी ओटीवर जाऊन बसली होती.

आता वसई-विरार महानगर आहे. मुंबईहून, मंगळूरहून, केरळहून आलेली कुटुंबं नव्या टॉवरमध्ये राहतात, त्यांना इंग्लिश मिस्सा हवीच. त्यात गैर काही नाही. प्रश्न आमचा आहे. लॅटिन रोमनं दिली, पोर्तुगीज लादायचा विचार व्हाइसरॉयनं केला, मराठी परिषदेच्या मतदानातून आली. साडेनऊच्या मिस्सेला मात्र आम्हाला कोणी ढकललेलं नाही. शाळेच्या प्रवेशअर्जावर माध्यमाच्या रकान्यात आम्ही जे भरलं, तेच पुढे मिस्सेच्या वहीत उतरलं. मीही इंग्लिश माध्यमातलीच. माझं मराठी टिकलं ते आजीच्या टपल्यांमुळे.

मी मराठी मिस्सा ठरवली. चुलतभावानं अट घातली की मग त्याच्या मुलाला एक प्रार्थना वाचू द्यायची. मुलगा अकरा वर्षांचा. मी मराठीत चार ओळी लिहून पाठवल्या. त्याला देवनागरी सावकाश वाचता येते, म्हणून बापानं त्या रोमन लिपीत टाइप करून दिल्या. रविवारी तो फोन हातात धरून वाचनपीठावर चढला आणि मला एकदम १६१६ आठवलं. राशोलच्या छापखान्यातली ती पानं, मराठी शब्द, रोमन अक्षरं.

पहिल्या तीन ओळी व्यवस्थित झाल्या. चौथ्या ओळीत मी गावच्या केळीच्या बागांसाठी प्रार्थना लिहिली होती. रोमनमध्ये 'ळ' आणि 'ल' यांत फरक नसतो. तो मोठ्यानं म्हणाला, "आमच्या केलीच्या बागांसाठी." मागच्या बाकांवरून खसखस पिकली. वहीवाले अंकल बाजूच्या दारात उभे होते, तेही हसले. पोरगा थांबला, आमच्याकडे बघितलं, आत्यानं लांबूनच ओठांनी "ळ, ळ" करून दाखवलं, आणि त्यानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.