लाल्या कोणाचा?

ठाण्याच्या घोडबंदर रोडला डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे मध्यंतरात लाल्याचा विषय निघाला की हातातला चहा निवतो. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) या नाटकातला हा उनाड विद्यार्थी घाणेकरांनी गाजवला. तोच नाव बदलून हिंदी पडद्यावर गेला. १९६९ मध्ये देब मुखर्जी, १९८४ च्या ‘मशाल’मध्ये अनिल कपूर. २०१८ च्या चित्रपटात तर सुबोध भावे खुद्द घाणेकरच झाले! जुने प्रेक्षक म्हणतात, लाल्या एकच. नव्यांनी ते कशावरून मानावे? पडद्यावरचे लाल्या पुन्हा पाहता येतात. घाणेकर १९८६ मध्ये गेले; मी त्यांना रंगभूमीवर पाहिलेले नाही. इतिहासाच्या मास्तराला इथे पुरावा उरतो तो म्हाताऱ्यांच्या आठवणींचा, आणि ते म्हातारेही दरवर्षी कमी होत आहेत.